दूरचित्रवाणीवरील वादसभा आणि मतदाराचें मन

निवडणुकीस उभ्या राहिलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच व्यासपीठावर समोरासमोर आणावें, दोघांनाही तेच प्रश्न विचारावे, उत्तराला दोघांनाही घड्याळ लावून सारखाच वेळ द्यावा, आणि घरोघर बसलेल्या नागरिकांनीं तो सामना स्वतः पाहून अधिक योग्य कोण याचा निर्णय करावा, ही कल्पना लोकशाहीला मोठी शोभणारी आहे. न्यायाधीश ज्याप्रमाणें वादी व प्रतिवादी या दोघांचेंही म्हणणें ऐकतो आणि मग निकाल देतो, त्याप्रमाणें मतदारही दोन्ही बाजू ऐकेल आणि मग आपलें मत देईल, अशी या कल्पनेमागील श्रद्धा आहे. ही श्रद्धा कितपत खरी आहे, हा आजच्या भाषणाचा विषय. न्यायासनावर बसलेले हे लक्षावधि न्यायाधीश सुनावणीला मोकळ्या मनानें येतात, कीं निकालपत्र आधींच लिहून खिशांत घालून येतात? आणि निकाल जर आधींच लिहिलेला असेल, तर अशा वादसभांचा उपयोग तरी काय?

या प्रश्नाचा विचार करतांना अमेरिकेकडे पाहणें भाग आहे. आपल्या देशांत १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना प्रचारासाठीं आकाशवाणीवर वेळ देण्यांत येऊं लागला. परंतु तेथें प्रत्येक पक्ष आपापलें भाषण करून जातो. पंतप्रधानपदाच्या दोन उमेदवारांनीं दूरचित्रवाणीवर समोरासमोर उभें राहून वाद करण्याचा प्रघात आपल्याकडे पडलेला नाहीं. अमेरिकेंत हा प्रघात १९६० सालीं सुरू झाला, मध्यंतरीं सोळा वर्षें खंडित झाला, आणि १९७६ पासून दर चार वर्षांनीं चालत आला आहे. त्यामुळें अशा सभा पाहणाऱ्यांच्या मनाचा अभ्यासही सर्वांत अधिक तेथेंच झाला आहे.

आरंभ पहिल्याच सभेपासून करूं. १९६० च्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेस शिकागो शहरीं डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांची वादसभा झाली. सुमारें सात कोटि लोकांनीं ती पाहिली असा अंदाज आहे. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यामुळें कांहीं दिवस रुग्णालयांत काढून नुकतेच बाहेर पडले होते. त्यांचा चेहरा ओढलेला होता आणि अंगावरचा करड्या रंगाचा पोशाख मागच्या पडद्यांत मिसळून जात होता. केनेडी तरतरीत दिसत होते, आणि त्यांचा गडद पोशाख त्याच पडद्यावर उठून दिसत होता. पुढें या सभेविषयीं एक आख्यायिका रूढ झाली ती अशी कीं, ज्यांनीं ती सभा दूरचित्रवाणीवर पाहिली त्यांच्या मतें केनेडी जिंकले, आणि ज्यांनीं ती नभोवाणीवर नुसती ऐकली त्यांच्या मतें निक्सन जिंकले. यावरून तात्पर्य काढण्यांत आलें कीं, डोळा रूपाला भुलतो, पण कान मुद्द्याला धरून राहतो.

नभोवाणीवरून बोलणाऱ्या मनुष्याला ही गोष्ट गोड वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु गोड वाटते एवढ्यासाठींच ती अधिक तपासून घेतली पाहिजे. या आख्यायिकेचा मुख्य आधार म्हणजे सिंडलिंगर नांवाच्या संस्थेनें केलेली एक पाहणी. १९८७ सालीं व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन अभ्यासकांनीं तिची छाननी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, तींत नभोवाणीवर सभा ऐकणारे लोक तीनशेंच्याही आंत होते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढेंच आहे. १९६० सालापर्यंत अमेरिकेंतील बहुसंख्य घरीं दूरचित्रवाणी-संच आलेला होता. मग त्या रात्रीं केवळ नभोवाणी ऐकत बसलेले लोक कोण असतील? त्यांत खेड्यापाड्यांतून राहणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा भरणा अधिक असण्याचा संभव होता. आणि केनेडी हे कॅथॉलिक असल्यामुळें अशा वस्तीचा ओढा मुळांतच निक्सन यांच्याकडे असणें शक्य होतें. म्हणजे ज्याला आपण कानाचा निर्णय म्हणत होतों, तो कदाचित् सभा सुरू होण्यापूर्वींच झालेला असेल. ऐकणाऱ्याचा आधींचा कल हिशेबांत घेतल्यावांचून वादसभेचा परिणाम सांगूं जाणें म्हणजे भांड्यांत आधीं किती पाणी होतें हें न पाहतां पाऊस किती पडला तें सांगूं जाणें होय.

याचा अर्थ रूपाचा परिणाम मुळींच होत नाहीं असाही नाहीं. जेम्स ड्रकमन या अभ्यासकानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, त्या जुन्या सभेची फारशी माहिती नसलेल्या लोकांचे दोन गट पाडले. एका गटाला सभा दाखविली, दुसऱ्याला नुसती ऐकविली. कोण कोठें बसणार हें दैवावर सोडलेलें असल्यामुळें दोन्ही गट मनानें सारखेच होते. तेथें मात्र पाहणाऱ्यांचा कल केनेडी यांना विजयी मानण्याकडे अधिक झाला. चित्राला बळ आहे हें खरें. पण तें स्वच्छपणें दिसलें तें अशा लोकांत, कीं ज्यांच्या मनांत या दोघांविषयीं जिवंत अशी आवडनिवड उरलेली नव्हती. प्रत्यक्ष निवडणुकीच्या धामधुमींत असे प्रेक्षक किती सांपडणार?

आतां, पूर्वग्रह म्हणजे नेमकें काय होतें तें पाहूं. साधारण समजूत अशी असते कीं, प्रसंग सर्वांना एकच दिसतो आणि त्याचा अर्थ लावतांना माणसें पक्षपात करतात. मानसशास्त्रज्ञ सांगतात कीं, गोष्ट याहून खोल आहे. १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांमध्यें फुटबॉलचा एक सामना झाला. तो फारच दांडगाईचा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचें नाक मोडलें आणि डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढें दोन्हींकडील वृत्तपत्रांतून आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. तेव्हां हॅस्टॉर्फ व कँट्रिल या दोन संशोधकांनीं त्या सामन्याचा एकच चित्रपट दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना दाखविला आणि जेथें जेथें नियमभंग दिसेल तेथें तेथें टिपून ठेवण्यास सांगितलें. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाच्या जितक्या आगळिका दिसल्या, त्यांच्या दुपटीहून अधिक आगळिका प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाच्या दिसल्या. चित्रपट एक, पडदा तोच. आणि मोजदाद मात्र निराळी!

या विद्यार्थ्यांपैकीं कोणीही लबाडी करीत नव्हता, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. पण जिला ती लागू पडते त्या आईला बाब्याची खोडी खरोखरच खोडी वाटत नसते. पूर्वग्रह हा जिभेवर बसण्यापूर्वीं डोळ्यांत बसलेला असतो. म्हणूनच तो ज्याचा त्याला दिसत नाहीं.

तो मनांत कसें काम करतो याचें मार्मिक वर्णन टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञानें केलें आहे. त्याचा आशय असा कीं, आपल्याला हवी असलेली गोष्ट कानांवर आली, म्हणजे आपण मनाला विचारतों, ‘हें मानण्यास कांहीं हरकत आहे काय?’ आणि नको असलेली गोष्ट आली, म्हणजे विचारतों, ‘हें मानलेंच पाहिजे काय?’ हे दोन्ही प्रश्न वरवर सारखे दिसतात, पण त्यांच्या उत्तराला लागणाऱ्या पुराव्याचीं मापें अगदीं वेगळीं आहेत. पहिल्याला एखादें अनुकूल उदाहरण पुरतें. दुसऱ्याला एखादी शंका पुरते. आवडत्या उमेदवारानें सांगितलेला आंकडा आपण तसाच उचलतों. विरोधकानें आंकडा सांगितला, कीं आपल्यांतला हिशेबतपासनीस जागा होतो. तपासणें वाईट नव्हे. एकाचेंच दप्तर तपासावयाचें आणि दुसऱ्याचें तसेंच पास करावयाचें, हें वाईट.

याला प्रयोगाचा आधार आहे. १९७९ सालीं लॉर्ड, रॉस व लेपर यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ४८ विद्यार्थी निवडले. त्यांतील निम्मे देहांताच्या शिक्षेचे पुरस्कर्ते होते, निम्मे विरोधक. प्रत्येकाला दोन शोधनिबंधांचे सारांश वाचावयास दिले. एकाचा निष्कर्ष असा कीं, या शिक्षेनें खून कमी होतात. दुसऱ्याचा असा कीं, होत नाहींत. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या मताचा निबंध भक्कम ठरविला आणि उलट मताच्या निबंधांत पद्धतीचे दोष दाखविले. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून झाल्यावर ते परस्परांच्या जवळ यावयास हवे होते; परंतु आपापलें मत अधिकच दृढ झालें, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें. १९९६ सालीं बिल क्लिंटन व बॉब डोल यांची वादसभा पाहणाऱ्यांवर मन्रो व त्यांचे सहकारी यांनीं असाच अभ्यास केला, तेव्हां वादसभेंतही तोच प्रकार आढळला. ज्याचा जो उमेदवार, त्याचे युक्तिवाद त्याला सरस वाटले. आणि त्यांत विचारापेक्षां ऐकतांना मनांत उठणाऱ्या रागलोभाचा भाग मोठा होता.

कोणी म्हणेल, पक्षाचीं तत्त्वें पटलेलीं असतात, म्हणून त्या पक्षाच्या वक्त्याचे मुद्देही पटतात. यांत नवल तें काय? या आक्षेपाचें उत्तर जेफ्री कोहेन यांच्या २००३ च्या प्रयोगांत मिळतें. त्यांनीं गरिबांना द्यावयाच्या सरकारी साह्याच्या दोन योजना तयार केल्या; एक उदार, दुसरी अगदीं हात आखडून केलेली. मग त्यांवर कधीं या पक्षाचा, कधीं त्या पक्षाचा पाठिंबा असल्याचें लिहिलें. वाचणाऱ्यांनीं योजनेच्या आशयाकडे न पाहतां पक्षाच्या नांवाकडे पाहून पसंती दिली. उदारपणाचे पुरस्कर्ते कंजूष योजनेला मान डोलवूं लागले आणि काटकसरीचे भोक्ते उदार योजनेला. विशेष हें कीं, पक्षाच्या नांवाचा आपल्यावर परिणाम झाला असें त्यांना वाटलें नाहीं. तो दुसऱ्यांवर होतो, असें मात्र त्यांना वाटत होतें.

पूर्वग्रहाचा तडाखा बिचाऱ्या सूत्रधारालाही बसतो. बेरूतजवळील साब्रा व शातिला येथें १९८२ सालीं हत्याकांड झालें, तेव्हां अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेलीं वृत्तें व्हॅलोन, रॉस व लेपर यांनीं इस्रायलच्या पाठीराख्यांना आणि अरबांच्या पाठीराख्यांना दाखविलीं. त्यांचा अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. तीच वृत्तें पाहून एक बाजू म्हणाली, हीं आमच्या विरुद्ध आहेत; दुसरी म्हणाली, छे, आमच्याच विरुद्ध आहेत. वादसभा संपल्यावर सूत्रधारानें पक्षपात केला अशी तक्रार दोन्हीं बाजूंनीं एकदमच कां येते, याचा उलगडा यावरून व्हावा.

येथवर ऐकून असें वाटेल कीं, मग सारेंच ठरलेलें आहे. परंतु तसें म्हणणेंही पुराव्याला सोडून होईल. ३ ऑक्टोबर १९१२ नव्हे, अगदीं अलीकडच्या २०१२ सालच्या ३ ऑक्टोबरला डेन्व्हर येथें बराक ओबामा व मिट रॉम्नी यांची सभा झाली. सी. एन. एन. या वृत्तवाहिनीनें सभेनंतर लगेच केलेल्या पाहणींत शेंकडा ६७ प्रेक्षकांनीं रॉम्नी यांना विजयी ठरविलें, आणि ओबामांना अवघे शेंकडा २५. हे आंकडे ओबामांच्या कित्येक पाठीराख्यांनीं मोकळेपणानें पराजय कबूल केल्यावांचून येऊंच शकत नाहींत. तसेंच १० सप्टेंबर २०२४ रोजीं फिलाडेल्फियांत कमला हॅरिस व डॉनल्ड ट्रंप यांची सभा झाली, तेव्हां त्याच वाहिनीच्या पाहणींत शेंकडा ६३ लोकांनीं हॅरिस यांना सरस ठरविलें व शेंकडा ३७ लोकांनीं ट्रंप यांना. हॅरिस यांच्या पाठीराख्यांपैकीं शेंकडा ९६ आपल्या उमेदवाराला सरस म्हणाले. ट्रंप यांच्या पाठीराख्यांपैकीं शेंकडा ६९. दोन्हीं बाजूंस पूर्वग्रह आहेच. तरीपण एका बाजूचा सुमारें तिसरा हिस्सा त्या रात्रीं आपल्या उमेदवाराच्या पदरांत विजय टाकण्यास तयार झाला नाहीं. पूर्वग्रह ही भिंत असली, तरी तिला झरोके आहेत.

परंतु या दोन्ही उदाहरणांचा शेवटही पाहण्याजोगा आहे. २०१२ च्या नोव्हेंबरांत ओबामा निवडून आले आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत ट्रंप निवडून आले. ‘आज आमचा मनुष्य हरला’ असें म्हणणें वेगळें आणि ‘आज मी माझें मत बदललें’ असें म्हणणें वेगळें. सामना हरलेल्या संघाचा चाहता दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या संघाचा चाहता होत नाहीं. ल पेनेक व पाँस या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या देशांतील ६२ निवडणुका आणि ५६ वादसभा यांचा अभ्यास करून २०२३ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असें आढळलें कीं, निवडणुकीपूर्वींच्या शेवटच्या दोन महिन्यांत कित्येक मतदार आपलें मत ठरवितात किंवा बदलतात हें खरें. पण वादसभांमुळें तो बदल घडून आल्याचें दिसत नाहीं.

मग पक्षाच्या दाव्याला न बांधलेला जो मतदार असतो, तो तरी स्वतंत्रपणें निर्णय करतो काय? येथें दुसरी एक अडचण उभी राहते. ज्याच्या मनांत पूर्वग्रह नाहीं, त्याला शेजारच्याचा आधार हवासा वाटतो. १९८४ सालच्या वादसभेंत रोनाल्ड रेगन यांनीं आपल्या वाढत्या वयाविषयींच्या प्रश्नाला थट्टेनें उत्तर दिलें आणि सभागृह हंसलें. त्यांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांनाही हंसूं आवरलें नाहीं. पुढें फाइन, गोथल्स व कुग्लर या संशोधकांनीं त्या सभेच्या ध्वनिचित्रांतून प्रेक्षकांचें हंसणें व टाळ्या काढून टाकल्या, आणि विनोद तेवढे ठेवले. तें पाहणाऱ्या नव्या प्रेक्षकांना रेगन बरेच फिके वाटले. म्हणजे विनोदाची किंमत विनोदानें ठरली नव्हती, तर सभागृहाच्या हंसण्यानें ठरली होती.

इंग्लंडांत २०१० सालीं पक्षनेत्यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभा प्रथमच झाल्या. त्या वेळीं पडद्याच्या तळाशीं एक रेषा हलत असे. कांहीं निवडक लोकांना वक्त्याचें बोलणें त्या त्या क्षणीं कितपत आवडत आहे, हें ती दाखवी. लोक तिला ‘किडा’ म्हणत. डेव्हिस, बॉवर्स व मेमन यांनीं १५० विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्यांना तिसरी सभा चालू असतांनाच दाखविली. मात्र पडद्यावरची रेषा त्यांनीं स्वतः बनविलेली होती. एका गटासाठीं ती गॉर्डन ब्राउन यांना अनुकूल होती, दुसऱ्यासाठीं निक क्लेग यांना. ‘सभा कोणीं जिंकली?’ या प्रश्नाला दोन्ही गटांनीं आपापल्या रेषेच्या कलानें उत्तरें दिलीं. घरबसल्या आपण स्वतंत्रपणें न्याय करीत आहों असें ज्यांना वाटत होतें, त्यांच्या हाताला धरून कोणी दुसराच सही करवीत होता.

शेजारचे हंसणें थांबलें, कीं दुसऱ्या दिवशींचें भाष्य सुरू होतें. ६ ऑक्टोबर १९७६ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील सभेंत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड बोलून गेले कीं, पूर्व युरोपवर सोव्हिएट सत्तेचें वर्चस्व नाहीं. त्या रात्रीं सभा संपतांच घेतलेल्या कौलांत त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांचा मोठा विजय दिसत नव्हता. नंतर वृत्तपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें ती चूक पुनःपुन्हा दाखविली. आणि एका दिवसाच्या आंत फार मोठें बहुमत म्हणूं लागलें कीं, सभा कार्टर यांनीं जिंकली. सभेंत तर एक शब्दही बदललेला नव्हता! चूक खरी होती, भाष्यकारांनीं ती दाखविली हें योग्यच होतें. परंतु आपण जें पाहिलें तें आपल्याला दुसऱ्या दिवशीं कळलें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

येथपर्यंतचा पुरावा एकत्र ठेवला, म्हणजे चित्र असें दिसतें: ज्याचा पक्ष ठरलेला आहे, त्याला त्याचा पूर्वग्रह सांगतो, ज्याचा ठरलेला नाहीं, त्याला गर्दी सांगते. मग वादसभा व्यर्थच काय? तसें म्हणतां येणार नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें असें कीं, वादसभांतून लोकांना माहिती मिळते. बेन्वा, हॅन्सन व व्हर्सर यांनीं अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी करून २००३ सालीं दाखविलें कीं, सभा पाहिल्यावर प्रेक्षकांना उमेदवारांच्या धोरणांविषयीं अधिक कळतें. मत न बदलतांही ज्ञान वाढूं शकतें. आणि आपण ज्याला मत देणार तो काय करूं म्हणतो, हें माहीत असणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. दुसरें असें कीं, जेथें पक्षाचें नांव आड येत नाहीं, तेथें वादसभेचा परिणाम चांगलाच होतो. एकाच पक्षाचे अनेक इच्छुक उमेदवारीसाठीं परस्परांशीं वाद करतात, तेव्हां तोच प्रेक्षक पुष्कळ अधिक प्रमाणांत आपली पसंती बदलतो, असें संशोधकांना आढळलें आहे. म्हणजे मनुष्याची विवेकशक्ति मेलेली नसते. ती पक्षाच्या झेंड्याखालीं झोपलेली असते. तिसरें, कधीं कधीं सभेंतील सत्य इतकें उघडें पडतें कीं, झेंडाही तें झांकूं शकत नाहीं. २७ जून २०२४ च्या सभेंत अध्यक्ष जो बायडन अडखळले, तेव्हां त्यांच्या उमेदवारीविषयींची चिंता सर्वांत तीव्रतेनें व्यक्त झाली ती त्यांच्याच पक्षांत. आणि २१ जुलै रोजीं त्यांनीं आपली उमेदवारी मागें घेतली.

पूर्वग्रहालाही न्याय दिला पाहिजे. ज्या उमेदवाराचें सार्वजनिक वर्तन आपण दहा वर्षें पाहत आलों, त्याच्याविषयींचें मत दीड तासाच्या भाषणानें पालटूं नये, यांत शहाणपण आहे. चतुर वक्ता हा चांगला राज्यकर्ता असतोच असें नाहीं. आधींचें मत बाळगणें हा दोष नव्हे. नवा पुरावा त्या मताच्या दारांतून आंत येऊंच न देणें, हा दोष होय.

हा दोष घरगुती नाहीं. त्याची किंमत साऱ्या समाजाला द्यावी लागते. लोकशाहीचा सर्वांत कठीण क्षण निवडणूक जिंकणाऱ्याचा नसतो, हरणाऱ्याचा असतो. हरलेल्या पक्षाच्या मतदारानें ‘निकाल मला आवडला नाहीं, तरी तो खरा आहे’ असें म्हटलें, तरच पुढचीं वर्षें शांततेनें जातात. आपला उमेदवार प्रत्येक वाद जिंकीत आहे आणि सूत्रधार, वृत्तपत्रें व पंच तेवढे त्याच्यावर अन्याय करीत आहेत, अशी ज्याची खात्री झाली, त्याला आपल्या उमेदवाराचा पराजय हा कपटाशिवाय झाला असें कसें वाटावें? एका देशाचे नागरिक एकच सभा पाहून दोन निराळ्या सभा पाहून आल्यासारखे बोलूं लागले, म्हणजे त्यांच्यामध्यें बोलण्यास सामाईक जागाच उरत नाहीं.

यावर उपाय काय? ‘निःपक्षपाती व्हा’ असा उपदेश करणें सोपें आहे. पण त्याचा उपयोग होत नाहीं, हेंही प्रयोगानें दिसून आलें आहे. देहांताच्या शिक्षेचा तो प्रयोग १९८४ सालीं लॉर्ड, लेपर व प्रेस्टन यांनीं पुन्हा केला. एका गटाला सांगितलें कीं, न्यायाधीशाप्रमाणें समतोल वृत्तीनें पुरावा पाहा. कांहीं फरक पडला नाहीं. कारण प्रत्येकाला आपण समतोलच आहों असें वाटत होतें. दुसऱ्या गटाला सांगितलें कीं, प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एवढेंच विचारा: ‘हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलट निघाला असता, तर मी त्याला हाच शेरा दिला असता काय?’ या गटांतला पक्षपात पुष्कळच ओसरला.

हा प्रश्न वादसभेला जसाच्या तसा लावतां येतो. आपल्या उमेदवारानें प्रश्न टाळला, तर मनांत म्हणावें, ‘हेंच उत्तर दुसऱ्यानें दिलें असतें, तर मी काय म्हटलें असतें?’ विरोधकानें आंकडा दिला, तर म्हणावें, ‘हाच आंकडा आमच्या मनुष्यानें दिला असता, तर मी तो तपासला असता काय?’ दुसरी एक सवय म्हणजे, सभा संपतांच संच बंद करून आपलें मत चार ओळींत लिहून ठेवावें, आणि मगच भाष्यकारांचें ऐकावें. भाष्य ऐकून मत बदललें तरी चालेल. पण तें बदललें हें आपल्याला कळेल. आणि तिसरी सवय ही कीं, ज्याला आपण मत देणार नाहीं, त्याच्या बोलण्यांतील एखादी तरी ग्राह्य गोष्ट रोज शोधून काढावी.

आपल्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून होतो तो वाद, जिंकावें म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ खोडून काढावा म्हणून होते ती वितंडा. निवडणुकीच्या रणांत उभे राहिलेले उमेदवार जल्प करणार, प्रसंगीं वितंडाही करणार. त्यांचा तो व्यवसाय आहे. ‘कोण जिंकलें?’ हा प्रश्न जल्पाचा आहे, आणि तोच प्रश्न आपण ऐकणारेही विचारीत बसलों, म्हणजे आपणही त्यांच्या सैन्यांत भरती झालों. ‘यांतून मला काय कळलें?’ हा प्रश्न वादाचा आहे. बोलणारे जल्प करीत असले, तरी ऐकणाऱ्याला त्यांतून वाद काढून घेतां येतो. आणि तसें ऐकण्यास मतदाराला कोणाचीही परवानगी लागत नाहीं.